धूळ मोजायच्या सेन्सरवर आलेल्या एक स्टार रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा रिव्ह्यू परवा रात्री शटर ओढताना वाचला, तेव्हापासनं डोक्यातनं जात नाही. आधी माफी मागतो. शनिवारी संध्याकाळी तुम्ही परत आलासा तेव्हा माझा आवाज चढला, चार लोकांसमोर तसं बोलायला नको होतं, चूक माझी. मदतीला असणारा पोरगा त्या दिवशी सुट्टीवर होता, सबमिशनवाल्या पोरांची गर्दी होती, पण म्हणून गिऱ्हाईकावर ओरडायचं नसतं.

तुम्ही लिहिलंय की पाकीट फोडलेला, जुना वापरलेला सेन्सर गळ्यात मारला, लॅपटॉपच्या सिरियल मॉनिटरवर (बोर्डाकडनं येणारा डेटा दिसतो त्या खिडकीत) नुसता कचरा येतोय, परत घ्यायला तयार नाहीत आणि वर कन्नडमधनं बोलून हसत होते. किंमतीचं पण लिहिलंय. ऑनलाइन दीडशे रुपयांनी कमी आहे हे खरं आहे, त्यावर मी काय बोलत नाही. पण "जुना वापरलेला" हे मात्र लागलं ओ. माझे वडील रेडिओ दुरुस्त करायचे, त्याच गाळ्यात मी आता बोर्ड आणि सेन्सर विकतो, एवढ्या वर्षांत काढलेला पार्ट नवा म्हणून कुणाला दिलेला नाही.

पाकीट मी फोडलं, होय. तुमच्यासमोर फोडलं. तुम्ही नेलेला पीएमएस ५००३ हा धुळीचा सेन्सर महागाचा पार्ट आहे, तो तपासल्याशिवाय मी काउंटरवरनं सोडत नाही, कारण त्यात छोटा पंखा आणि लेझर असतो आणि वाहतुकीत आपटला तर पंखा घासतो. मी तो आमच्या टेस्टिंगच्या ईएसपी३२ बोर्डाला लावला, पंख्याचा आवाज कानाला लावून ऐकला, अर्धा मिनिट थांबलो कारण पंखा सुरू झाल्यावर ३० सेकंद तरी रीडिंग धरायचं नसतं, मग गणपतीसमोरची उदबत्ती जवळ नेली तर धुळीचा आकडा वीस-बावीसवरनं झरझर चढत तीनशेच्या वर गेला. उदबत्ती लांब केली, खाली आला. तुम्ही त्यावेळी फोनवर होतासा, खानापूरची बस निघाली काय बघ म्हणून कुणालातरी सांगत होतासा, त्यामुळं तुमचं लक्ष नसेल. तो दोष मी देत नाही, बस चुकली की पुढच्या बसला किती वेळ जातो ते मला पण माहीत आहे. पण म्हणून तो पीस वापरलेला होत नाही की.

आणि कचऱ्याचं. तुम्ही रिव्ह्यूबरोबर सिरियल मॉनिटरचा फोटो टाकलाय तो मी मोठा करून बघितला. चौकोन आणि उलटी प्रश्नचिन्हं आहेत, बरोबर, पण त्यात दर थोड्या अंतरावर इंग्रजी बी आणि एम ही दोन अक्षरं जोडीनं दिसतात बघा. तो कचरा नाही दादा, तोच डेटा आहे! हा सेन्सर मजकूर पाठवत नाही, ३२ बाईटची एक फ्रेम, म्हणजे ३२ आकड्यांचा एक गठ्ठा पाठवतो, पहिले दोन बाईट कायम ६६ आणि ७७, आणि तेच अक्षर म्हणून छापले की बी आणि एम दिसतात. बी एम नीट येतंय म्हणजे ९६०० चा बॉड रेट (डेटा पाठवायचा वेग) बरोबर आहे, वायर बरोबर आहे, सेन्सर जिवंत आहे. तुमच्या कोडमध्ये आलेला बाईट तसाच छापलाय एवढंच. ६६, ७७ सापडले की ६६ ला पहिला धरून मोजायचं, १३ वा बाईट घेऊन २५६ नं गुणायचा आणि १४ वा त्यात मिळवायचा, तो पीएम २.५ चा, म्हणजे बारीक धुळीचा आकडा. शेवटचे दोन बाईट चेकसमचे, म्हणजे पडताळणीच्या बेरजेचे, पहिल्या तीस बाईटची बेरीज त्याच्याशी जुळली तरच फ्रेम धरायची. माझा सेन्सर चांगला होता ह्याचा पुरावा तुम्हीच फोटोत दिलाय आणि त्याच फोटोखाली एक स्टार आहे, ह्याचं वाईट वाटतं.

दुसऱ्या फोटोत अपलोड होत नाही अशी एरर आहे आणि "बोर्ड पण गेला" म्हणून लिहिलंय. बोर्ड गेलेला नाही. सेन्सरची वायर तुम्ही २ नंबर पिनवरनं काढून ० वर घातलाय. तुमच्या उनो बोर्डाला हार्डवेअर सिरियल (डेटा ये-जा करायची वाट) एकच, पिन ० आणि १, आणि त्याच वाटेनं यूएसबीचा कोड आत जातो. तिथं सेन्सर बडबडत बसला की कोड जाणार कुठनं? ती वायर काढा, अपलोड करा, चालेल. नाहीतर पहिल्यासारखं २ वर ठेवून सॉफ्टवेअर सिरियल (दुसऱ्या पिनांवर कोडनं केलेली तशीच वाट) वापरा, ९६०० ला काय त्रास नाही. आणि एक, उनोच्या टीएक्समधनं (पाठवायच्या पिनेतनं) ५ व्होल्ट येतात, सेन्सरच्या डेटा पिना ३.३ च्या आहेत, तेव्हा सेन्सरच्या आरएक्सला (घ्यायच्या पिनेला) ती वायर थेट जोडू नका. नुसतं वाचायला ती लागत पण नाही, सेन्सर आपणहून पाठवत राहतो. पंख्याला मात्र ५ व्होल्टच द्या.

परत का घेतला नाही तर तुम्ही कनेक्टर कापून आणलासा. सव्वा मिलिमीटर पिचचा बारका कनेक्टर तो, ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता वायरी खोचायच्या पाटीवर) बसत नाही, म्हणून ८० रुपयांचा अडॅप्टर घ्या म्हटलं होतं, तुम्ही नको म्हटलं. कापलेला पीस मी पुढं कुणाला देऊ? मग खरंच जुना वापरलेला दिल्यासारखं होईल. कन्नडचं म्हणाल तर ते गिऱ्हाईक बैलहोंगलचे, त्यांच्या बोअरच्या मोटरच्या स्टार्टरवरनं बोलणं चाललं होतं आणि हसलो ते त्यावर. आमच्या इथं बेळगावात एका गिऱ्हाईकाशी मराठी, दुसऱ्याशी कन्नड हे दिवसभर चालतं. तुमच्यावर कोण हसेल?

तुमचा रिव्ह्यू आल्यावर दुसऱ्याच दिवशी दोन पोरं आली, पहिला प्रश्न "सील पॅक आहे काय", आणि मी टेस्ट करून देतो म्हटलं तर फोडू देईनात. मी गप्प तसाच दिला. घरी जाऊन पंखा फिरला नाही तर परत माझ्याच नावानं लिहितील. कॉलेजची पोरं हेच आमचं गिऱ्हाईक, ती आधी रिव्ह्यू बघून येतात.

इथनं पुढं टेस्ट करताना गिऱ्हाईकाला हाक मारून आकडा दाखवणार, बिलावर तसं लिहून सही पण घेऊ. शनिवारी अजून एक माणूस ठेवायचं बघतोय. जोडणीचा कागद मराठी-कन्नड दोन्हीत छापायचा विचार आहे, सबमिशनची गर्दी ओसरली की करतो.

तुमचा प्रोजेक्ट उद्यमबागेतल्या फाउंड्रीच्या (ओतकामाच्या कारखान्याच्या) धुळीवर आहे असं तुम्ही म्हणालासा, विषय चांगला घेतलाय. साचे फोडतात तिथं सेन्सर अगदी जवळ ठेवू नका, वाळू पंख्यात जाते. कापलेल्या वायरी मी सोल्डर करून देतो, पैसे नको, ८० चा अडॅप्टर पण बाजूला काढून ठेवलाय. रिव्ह्यू बदला म्हणत नाही, तुमची मर्जी. दुपारी दोन ते चार सोडून कधीपण या, लॅपटॉप आणि त्याचा चार्जर आणा, आणि यूएसबीची केबल तुमचीच आणा, ती पण एकदा तपासून बघू.