खिशातला मोबाईल आणि १,४९९ रुपयांची चकती

हा फॉरवर्ड याआधी दोनदा आला तेव्हा डिलीट केला. या वेळी तो सांगलीच्या मावसभावाने पाठवला, म्हणून लिहायला बसलो. मजकूर असा: पँटच्या खिशात मोबाईल ठेवला की शुक्राणू मरतात, हे रेडिएशन एक्स-रेसारखंच असतं, फाइव्ह-जीने पुरुष वांझ होताहेत. उपाय? मोबाईलला रेडिएशन अडवणारी चिप, म्हणजे एक चकती, चिकटवा. मूल होत नसेल तर आधी हे करा, डॉक्टर नंतर.

एक्स-रेचं आधी उरकतो. एक्स-रे अणूतला इलेक्ट्रॉन उडवू शकतो, मोबाईलच्या लहरींत तेवढी ऊर्जाच नसते. त्यांचा ठाऊक असलेला परिणाम म्हणजे ऊब, आणि फोर-जी फोनची ताकद साधारण पाव वॅटच्या आत.

आता शुक्राणू. यावरचा दांडगा अभ्यास जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांचा, २०२३ चा. लष्करभरतीच्या तपासणीला आलेले १८ ते २२ वर्षांचे २,८८६ स्विस तरुण. दिवसात २० पेक्षा जास्त वेळा फोन वापरणाऱ्यांत मिलिलिटरमागे मध्यक (बरोबर मधला आकडा) ४.४५ कोटी शुक्राणू, आठवड्यातून जेमतेम एकदा वापरणाऱ्यांत ५.६५ कोटी. फरक आहे, नाही म्हणत नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेची खालची मर्यादा १.६ कोटी आहे. शुक्राणूंच्या हालचालीत आणि आकारात फरक दिसला नाही. फोन पँटच्या खिशात ठेवण्याचा आणि कमी संख्येचा संबंधही सापडला नाही. आणि हा फरक २००५ ते २००७ च्या नमुन्यांत ठळक होता, नव्या पिढीचे फोन आले तसा फिका पडत गेला. म्हणजे फाइव्ह-जीची भीती घालणारे सांगतात त्याच्या नेमकं उलट. शिवाय सतत फोनवर असणाऱ्याची झोप, सिगारेट, बैठं काम यांचं काय, हे असल्या अभ्यासातून पुरतं सुटत नाही.

उंदरांवरच्या प्रयोगांत वाईट परिणाम दिसलेत, हेही मान्य. आणि उष्णता वृषणांना खरंच सोसत नाही, म्हणून तर ते शरीराबाहेर असतात. मांडीवर तासभर लॅपटॉप घेऊन बसलेल्या २९ पुरुषांत तिथलं तापमान अडीच अंशांहून जास्त वाढलेलं २००५ मध्ये मोजलं गेलंय. तेव्हा लॅपटॉप टेबलावर ठेवा, एवढं मी सांगेन.

पण ती चिप! भावाने १,४९९ रुपयांना घेतली. मी नखाने सोलून पाहिली: सोनेरी कागद आणि खाली गोंद. २०२० मध्ये राष्ट्रीय कामधेनू आयोगाच्या अध्यक्षांनी रेडिएशन कमी करणारी म्हणून शेणाची चिप दाखवली, तेव्हा शेकडो शास्त्रज्ञांनी पुरावा मागितला होता. इथे मागायचा कोणाकडे? बरं, अशा चकतीने लहरी खरंच अडवल्या तर रेंज कमी होईल, आणि रेंज कमी झाली की फोन टॉवर गाठायला आणखी जोर लावतो.

आणि माझा संताप पैशांसाठी नाही. भावाच्या लग्नाला चार वर्षं झाली. वहिनीच्या सोनोग्राफ्या, रक्ततपासण्या, गर्भनळ्यांचा एक्स-रे, सगळं झालं. भावाने एकदाही वीर्यतपासणी केलेली नाही. मूल न होणाऱ्या जोडप्यांत जवळपास निम्म्या वेळा पुरुषाकडचं कारण असतं किंवा त्यात भर घालतं. व्हेरिकोसील, म्हणजे वृषणाभोवतीच्या शिरा फुगणं, हे त्यातलं नेहमीचं, आणि त्यावर इलाज आहे. भावाच्या दुसऱ्या खिशातल्या गुटख्याच्या पुडीवर मात्र फॉरवर्डमध्ये अवाक्षर नाही.

दादा, लॅब सकाळी आठला उघडते. आधीचे दोन ते सात दिवस संयम ठेवायचा, बस. फोन खिशातच राहू दे.