संत्र्याची सालं, रिठे आणि बंद बाथरूम

परवा शंकरनगरच्या कट्ट्यावर तर्रीपोहे संपायच्या आधीच वाद पेटला. आमच्यातल्या पोट्ट्याने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. व्हिनेगरमध्ये खायचा सोडा टाकला, भसाभस फेस आला अन् ओटा चकाचक!

"फेसाले भुलू नको बे," मास्तर म्हणाले. रसायनशास्त्र शिकवण्यात जन्म गेला त्यांचा. "आंबट अन् खार एकत्र आले का दोघंही खलास. उरते सोडियम असिटेटचं पाणी, फेस म्हणजे उडून गेलेला वायू. नळावरचा पांढरा थर काढाचा तं नुसतं व्हिनेगर लाव. तेलकट ओट्याले नुसता सोडा."

"मंग घरी काही बनवाचंच नाही का?" पोट्टा चिडला.

बनवायचं, नक्की बनवायचं. मी स्वतः रिठे वापरतो. रात्री आठ-दहा रिठे भिजत घालायचे, सकाळी उकळून हाताने कुस्करायचे, बिया काढून गाळायचे. चहाच्या रंगाचं पाणी निघतं, बोट बुडवून ढवळलं तरी फेस धरतं. रिठ्याच्या सालीतलं सॅपोनिन तेलाला पाण्यात ओढून नेतं. मात्र हे पाणी टिकत नाही, चार दिवसांत वास मारतं. म्हणून थोडंच करायचं.

वहिनींचा जीव बायोएन्झाइमवर, म्हणजे फळांची सालं आंबवून केलेल्या क्लीनरवर. "100 ग्रॅम गूळ, 300 ग्रॅम संत्र्याची सालं, 1 लिटर पाणी, 3 महिने," त्यांना तोंडपाठ आहे. भरायचं प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये, वर जागा सोडून. पहिला महिना रोज झाकण सैल करायचं. भस्स करून गॅस निघतो, नाही काढला तर कॅन फुगतो.

"अन् हे कोट्याच्या फरशीवर ओतता का तुम्ही?" मास्तरांनी विचारलं.

"ओततो की!"

"मंग चमक जाईन न बाई. कोटा म्हणजे चुनखडी, आंबटानं खाल्ली जाते. अगदी पातळ करून लावा, नाही तं टाइल्सवरच वापरा."

मग मी घरची गोष्ट सांगितली. गेल्या दिवाळीत आत्यानं संडासात ॲसिडवालं क्लीनर टाकलं, डाग जाईना म्हणून वरून ब्लीच ओतलं. दार बंद, खिडकी बंद. आम्ही खोकल्याच्या आवाजाने धावलो, तेव्हा ती भिंतीला धरून उभी होती, डोळ्यांतून धारा. ॲसिड आणि ब्लीच मिळून क्लोरीन वायू होतो. ती वाचली, पण आठवडाभर छाती दुखत होती. म्हणून सगळं एकत्र कालवायला सांगणाऱ्या व्हिडिओंचा मला मनापासून राग येतो.

कट्टा गप्प झाला. पोट्ट्याने व्हिडिओ बंद केला अन् हळूच विचारलं, "घरी कोणी आजारी असन तं?"

"तवा पातळ ब्लीच, एकटंच," मास्तर म्हणाले. "खिडक्या उघड्या ठेव. तिथं रिठा, संत्रं चालत नाही."

वहिनींना हे पटलं नाही. दोघांचं अजून चालू आहे. आम्ही मात्र उठताना चौकातल्या रसवाल्याकडून मृग बहाराच्या, म्हणजे पावसाळ्यात फुललेल्या संत्र्यांच्या सालांची एक थैली मागून घेतली. तो तशीही फेकतच होता.