डेव्हिड ट्रिंबल यांनी मोजलेली किंमत

उत्तर आयर्लंडमधल्या शांततेचं श्रेय देताना लोक आयर्लंडच्या एकीकरणाची बाजू मांडणारे राष्ट्रवादी नेते जॉन ह्यूम यांचं नाव घेतात, आणि ते रास्तच आहे. पण १९९८ चं शांततेचं नोबेल त्यांच्यासोबत मिळालेले डेव्हिड ट्रिंबल सहसा कुणाला आठवत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ट्रिंबल पक्के युनियनिस्ट. उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्येच राहिलं पाहिजे, या प्रामुख्याने प्रोटेस्टंट गटाच्या मताचे. तरुणपणी व्हॅनगार्डसारख्या जहाल गटात वावरलेले. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात कायदा शिकवायचे. तिथलेच त्यांचे सहकारी आणि अल्स्टर युनियनिस्ट पक्षाचे उमदे नेते एडगर ग्रॅहम यांना, ब्रिटनविरुद्ध सशस्त्र लढणाऱ्या आयआरए या संघटनेने १९८३ मध्ये गोळ्या घातल्या. १९९५ मध्ये ड्रमक्रीचा ऑरेंज ऑर्डर या प्रोटेस्टंट संघटनेचा मोर्चा पोर्टडाउनच्या कॅथलिक वस्तीतून गेला, तेव्हा शेवटी हेच ट्रिंबल कट्टर युनियनिस्ट नेते इयन पेस्लींचा हात हातात घेऊन मिरवले. कॅथलिकांच्या जखमेवर मीठ चोळणंच होतं ते, त्याचं समर्थन मी करणार नाही. दोनेक महिन्यांत ते अल्स्टर युनियनिस्ट पक्षाचे नेते झाले.

आणि याच माणसाने, दोन्ही बाजूंनी मिळून सत्ता चालवायचा १० एप्रिल १९९८ चा शांतता करार स्वीकारला!

त्याच्या महिनाभर आधी पॉइंट्झपास या खेड्यातल्या बारमध्ये दोन जिवलग मित्रांना प्रोटेस्टंट अतिरेक्यांनी मारलं. एक कॅथलिक, एक प्रोटेस्टंट. दोघांपैकी एकाचं लग्न ठरलेलं होतं. ट्रिंबल आणि राष्ट्रवादी नेते शेमस मॅलन तिथे एकत्र गेले, दोन्ही घरी एकत्रच भेटले. पुढे सरकारमध्येही हेच दोघे जोडीने प्रमुख होते.

खरी लढाई मात्र घरातली होती. करार झाला त्याच दिवशी त्यांच्याच पक्षाचे जेफ्री डोनाल्डसन वाटाघाटीतून उठून गेले. आयआरएने शस्त्रं टाकलेली नसताना आयआरएशी जोडलेल्या शिन फेन पक्षासोबत सत्तेत बसायचं कसं, हा कार्यकर्त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. ट्रिंबल पुन्हा पुन्हा पक्षाच्या परिषदेपुढे उभे राहिले, पुन्हा पुन्हा मत मागितलं. मे २००० मध्ये ४५९ विरुद्ध ४०३. एवढ्याशा फरकावर त्यांनी सगळं पणाला लावलं. २००१ च्या मतमोजणीनंतर जमावाने त्यांना आणि त्यांच्या पत्नीला धक्काबुक्की केली. स्वभाव तुटक, चिडका. माणसं जोडायची कला त्यांच्याकडे नव्हती, हेही खरं. पण गोड बोलून वेळ मारून नेणारा माणूस त्या जागी टिकला असता, असं मला वाटत नाही.

मे २००५ मध्ये स्वतःच्या मतदारसंघात ते हरले, पक्षाची वाताहत झाली. आयआरएचं निःशस्त्रीकरण पूर्ण झालं त्याच वर्षी सप्टेंबरात. अवघ्या चार महिन्यांनी! आणि २००७ मध्ये, ज्या पेस्लींनी या कराराला कडाडून विरोध केला, तेच आयआरएचे माजी कमांडर मार्टिन मॅकगिनेस यांच्यासोबत सरकार चालवायला बसले. चौकट तीच, ट्रिंबल यांनी आपलं राजकारण संपवून उभी केलेली.