एम 32 ला कृष्णविवरानं गिळलेलं नाही

ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: देवयानी दीर्घिकेशेजारची एम 32 ही लहान दीर्घिका (म्हणजे ताऱ्यांचा प्रचंड समूह) तिच्याच पोटातल्या कृष्णविवरानं खाऊन एवढीशी केली, कृष्णविवर व्हॅक्यूम क्लीनरसारखं सगळं ओढून घेतं, आता पुढचा नंबर आपल्या आकाशगंगेचा. आमच्या मजल्यावरची सहावीतली मुलगी हे वाचून खरोखर घाबरली, म्हणून हे उत्तर.

पहिला दावा साध्या हिशेबातच कोसळतो. कृष्णविवरानं गिळलेलं वस्तुमान नाहीसं होत नाही, त्याच्याच वजनात जमा होतं. एम 32 मधल्या कृष्णविवराचं वजन साधारण 25 लाख सूर्यांइतकं आहे. अख्खी दीर्घिका फस्त केली असती, तर ते अब्जावधी सूर्यांइतकं भरलं असतं.

मग अशा दीर्घिका इतक्या लहान कशा? बऱ्याच ठिकाणी यामागे शेजारची मोठी दीर्घिका असते. तिच्या गुरुत्वाकर्षणामुळे लहानीचे बाहेरचे, सैल बांधलेले तारे ओरबाडले जातात. मधला दाट गाभा आणि त्यातलं कृष्णविवर तेवढं शाबूत राहतं. एम 60 या मोठ्या दीर्घिकेजवळची एम60-यूसीडी1 ही चिमुकली दीर्घिका पाहा. ही जेमतेम 300 प्रकाशवर्षं रुंद. 2014 मध्ये हवाईच्या जेमिनी दुर्बिणीतून तिच्यातल्या ताऱ्यांचे वेग मोजले, तर आत 2.1 कोटी सूर्यांचं कृष्णविवर निघालं, म्हणजे एकूण वस्तुमानाच्या जवळपास 15 टक्के! एवढ्याशा दीर्घिकेत इतकं मोठं कृष्णविवर असण्याचा सरळ अर्थ हा, की ती पूर्वी कितीतरी मोठी होती. कृष्णविवर वाढलं नाही, भोवतीची दीर्घिका झडली. मेसेज लिहिणाऱ्यानं कार्यकारणभावच उलटा केलाय.

'सगळं ओढून घेतं' हेही खोटं. आकाशगंगेच्या केंद्रातल्या कृष्णविवराभोवती एस2 नावाचा तारा सुमारे 16 वर्षांत एक फेरी मारतो. मे 2018 मध्ये तो त्याच्या अगदी जवळून, पृथ्वी-सूर्य अंतराच्या साधारण 120 पटींवरून, सेकंदाला साडेसात हजार किलोमीटरच्या वेगानं गेला आणि पुढच्या फेरीला लागला. पुरेसा वेग असलेली वस्तू कृष्णविवराभोवतीही कक्षेतच फिरते.

राहिला आपला नंबर. आकाशगंगेच्या केंद्रातलं ते कृष्णविवर 43 लाख सूर्यांचं आणि आपल्यापासून सुमारे 26 हजार प्रकाशवर्षं दूर. सूर्याला कक्षेत धरून ठेवलंय ते त्या कक्षेच्या आतल्या अब्जावधी ताऱ्यांनी, वायूनं आणि कृष्णद्रव्यानं, म्हणजे न दिसणाऱ्या पण गुरुत्वाकर्षण असलेल्या पदार्थानं. उद्या ते कृष्णविवर काढून घेतलं, तरी सूर्याच्या वाटेत जाणवण्याजोगा फरक पडणार नाही.