घाटाचा राजा, पण तो घडवला कुणी?

बैलगाडा शर्यतीवरचा आपला वाद बरीच वर्षं एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिला: शर्यत असावी की नसावी? मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंद केली, २०१७ मध्ये राज्याने कायदा दुरुस्त केला, डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. कोर्टातलं भांडण मिटलं. पण बैल तयार करणाऱ्या माणसाचं नाव या सगळ्यात कुठेच आलं नाही. बॅनरवर मालकाचा फोटो, खाली बैलाचं नाव, आणि बैल विकला तर लाखांतल्या किमतीची बातमी. पहाटे त्याला फिरवणारा, खुराक ठरवणारा, त्याचा खूर दुखतोय हे मालकाआधी ओळखणारा माणूस कुणाच्या हिशेबात नाही.

जनावर तयार करणाऱ्याचं नाव नोंदवणारी एक शर्यत अमेरिकेत आहे. न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींना मेडोलँड्स म्हटलं की फुटबॉलचं स्टेडियम आठवतं. त्याच आवारात हार्नेस रेसिंगचा ट्रॅक आहे. स्टँडर्डब्रेड जातीचा घोडा दोन चाकांची हलकी सल्की ओढतो आणि बहुतेक शर्यती एका मैलाच्या असतात. दौड चौखूर नाही: ट्रॉटर तिरक्या जोडीतले पाय एकदम टाकतो, पेसर एका बाजूचे दोन्ही. चाल मोडून चौखूर उधळला की ड्रायव्हरला त्याला आवरून पुन्हा चालीवर आणावं लागतं आणि शर्यत बहुतेक तिथेच हातची जाते. कार्यक्रमपत्रिकेत घोड्याच्या आधीच्या शर्यतींपुढे ट्रेनरचं, म्हणजे घोडा तयार करणाऱ्याचं, नाव असतं, आणि चाल मोडली तिथे ‘एक्स’ची खूण.

ट्रेनरला गुणही दिले जातात. पहिल्या क्रमांकाला ९, दुसऱ्याला ५, तिसऱ्याला ३. बेरजेला एकूण शर्यतींच्या नऊपटीने भागायचं. १०० शर्यतींत २० पहिले, १५ दुसरे, १० तिसरे आले तर १८० + ७५ + ३० = २८५, भागिले ९००, म्हणजे ०.३१७. आकडा सुबक आहे, पण त्यावर माणूस जोखायला मी धजणार नाही. दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांत घोडे उतरवले की तो सहज फुगतो. रॉन बर्कसारख्या ट्रेनरच्या विजयांनी दहा हजारांचा टप्पा कधीच ओलांडलाय, पण एवढा मोठा तबेला चालवणं हे कौशल्य निराळं आणि एकच अवघड घोडा सावरणं निराळं.

खरी पारख साजापाशी होते. पेसरच्या पुढच्या-मागच्या पायांत चाल टिकवायला अडकवलेले पट्टे, म्हणजे हॉबल, साधारण ५५ ते ६० इंचांचे असतात. ते अर्ध्या इंचाने आखूड झाले तर पाऊल पुरतं लांब पडत नाही आणि मांडीच्या आतली कातडी सोलते. लांब झाले तर वळणावर, घोडा दमल्यावर, चाल विसकटते. ट्रॉटरच्या पुढच्या खुराची चवडी वाढली की पाय उचलायला उशीर होतो आणि मागचा पाय त्यावर आपटतो. नाल जड केली तर पाय उंच उचलला जातो, पण तेवढाच ताण शिरांवर येतो. घोडा सतत एका लगामावर लटकत असेल तर साधारण ट्रेनर मानेजवळ दांडी बांधून डोकं सरळ करतो. जाणकार आधी नाल काढून खूर दाबून बघतो, कारण बहुतेकदा कुठला तरी पाय दुखत असतो. आज नवी पट्टी, उद्या नवी झापड असा साज वाढत गेला, की मूळ दुखणं त्याखाली झाकलं जातंय असं समजावं.

दुसरी खूण वयाची. शरद ऋतूतल्या लिलावात घेतलेलं शिंगरू हिवाळाभर रोज तीनचार मैल हलक्या चालीने फिरवतात, मग वेळ धरून मैल सुरू होतात: आधी अडीच मिनिटांच्या वर, नंतर आठवड्याला दोनतीन सेकंद कमी. वेगाची घाई केली तर हाडांआधी स्नायू तयार होतात आणि गुडघा किंवा टाचेवरचा स्नायुबंध जातो. म्हणून मी दोन वर्षांच्या घोड्यांची बक्षिसं मोजत नाही. त्यांतले किती घोडे पाचव्या वर्षी धावत होते ते बघते.

वारशाचं गणित त्याहून किचकट. न्यूझीलंडचा कार्डिगन बे हा १९६८ मध्ये दहा लाख डॉलर कमावणारा पहिला हार्नेस घोडा ठरला, तेव्हा तो अमेरिकेत स्टॅनली डान्सरच्या हाताखाली होता. डान्सर मोठाच, नेव्हेल प्राइड आणि सुपर बोल या दोन ट्रॉटरना त्याने तिहेरी मुकुट, म्हणजे तीन मानाच्या शर्यती, मिळवून दिला. पण कार्डिगन बेच्या कंबरेच्या हाडाला जबर इजा झाल्यावर त्याला पुन्हा उभं केलं ते तिकडच्या लोकांनी. श्रेय शेवटच्या तबेल्याला मिळतं हा दोष इथेही आहेच. ट्रेनर जिमी टॅक्टरने २०१८ अखेर निवृत्ती घेतली आणि त्याच्या मुलीने, नॅन्सीने, ट्रॉटरांची मानाची शर्यत, २०२३ ची हॅम्बल्टोनियन, जिंकली. असा हात पुढे गेलेला दिसतो तेव्हा वारसा म्हणायला हरकत नाही.

आता उणी बाजू. मार्च २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या सरकारी वकिलांनी घोड्यांना उत्तेजकं दिल्याप्रकरणी २७ जणांवर आरोप ठेवले. त्यांत हार्नेसचे ट्रेनरही होते. खाण्याचा सोडा आणि साखरेचं पाणी नळीने पोटात सोडून थकवा लांबवायची युक्ती तर जुनीच. त्यावर रक्तातला एकूण कार्बन डायऑक्साइड मोजतात. लिटरला ३७ मिलिमोल ही अमेरिकेत बरीच वापरली जाणारी मर्यादा. घोडा नव्या तबेल्यात जाऊन आठवड्यात तीन सेकंदांनी सुधारला, म्हणजे जवळपास पंधरा घोडालांब्यांनी, तर कौतुकाआधी तपासणी हवी. नोंदी ठेवल्याने लबाडी थांबली नाही. मात्र नमुना सदोष निघाला की ‘मला माहीत नव्हतं’ म्हणून ट्रेनरला सहसा सुटता येत नाही. परवाना त्याचा, उत्तरही त्याचंच. आणि मालकालाही बक्षीस परत करावं लागतं.

घरी न्यायची तर ही जबाबदारी न्यावी, गुणांचा तक्ता नव्हे. आपल्याकडे बॅटरीचा झटका किंवा दारू पाजल्याचा आरोप झाला की मालक गड्याकडे बोट दाखवतो, गडी गप्प बसतो आणि आयोजक पुढची बारी सोडतो. नुसता गड्याला जबाबदार धरणारा नियम केला तर महिन्याच्या पगारावरचा माणूस फासावर आणि मालक मोकळा, हे नक्की. म्हणून दोघांची नावं एकत्र नोंदवावीत आणि दोष सापडला तर बक्षीस मालकाचं जावं.

दात न लागलेला आदत खोंड किती मैदानांत उतरवला, तो चौसा, म्हणजे चार दातांचा, झाला तेव्हा पळत होता का, की तोवर विकला गेला, हे आज कुणालाच सांगता येत नाही. बैलाच्या कानात १२ आकडी बिल्ला आहे. मैदानात उतरताना नोंदवहीत तो आकडा, मालक, गाव आणि वेळ लिहिली जातेच असं धरलं, तरी आणखी एक रकाना आखायला फार खर्च येत नाही: बैल कोण सांभाळतो.