लोकलचा कार्बन मोजायचा तर पुरता मोजा

भुसावळ-जळगाव अपडाऊन करणाऱ्यांच्या ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय : ‘उपनगरी रेल्वे बांधतानाच इतका कार्बन सुटतो की तो शंभर वर्षांत फिटत नाही. वर वीज कोळशाचीच. त्यापेक्षा एसटी वाढवा.’ एसटी वाढवायला माझी ना नाही. बाकीचं तपासू.

‘शंभर वर्षांत फिटत नाही.’ ६० किलोचा रूळ म्हणजे मीटरला ६० किलो. एका लाइनीला दोन रूळ, म्हणजे किलोमीटरला १२० टन पोलाद. झोतभट्टीच्या पोलादामागे टनाला दोन-अडीच टन कार्बन डायऑक्साइड सुटतो. धरा ३०० टन. स्लीपर, खडी, काळ्या मातीवरचा मुरमाचा भराव, वाघूरसारख्या नदीवरचा पूल, वरच्या तारा यांचे आणखी तेवढेच धरले (हा माझा ढोबळ अंदाज), तर ६०० टन. पेट्रोलची मोटार किलोमीटरला साधारण १५० ग्रॅम सोडते. म्हणजे त्या एका किलोमीटरवरच्या ४० लाख मोटारफेऱ्या टळल्या की बांधकामाचं देणं फिटलं. रोज हजार मोटारी कमी झाल्या तर ११ वर्षं. गाडीच्या विजेचा कार्बन वजा करा, वर्षं वाढतील. पण शंभर कुठून आणायची? भुयारी मार्गाचा हिशेब वेगळा. तिथे सिमेंटचे डोंगर लागतात, आणि चुनखडी भाजताना नुसत्या दगडातूनच क्लिंकरच्या (दळला की ज्याचं सिमेंट होतं, त्या भाजलेल्या खड्यांच्या) टनामागे अर्धा टन वायू सुटतो, इंधन वेगळंच. आपली लाइन जमिनीवरून जाते. दोन्ही एकाच तागडीत कशाला?

एक गोष्ट मात्र मेसेजवाल्याच्या बाजूची आहे, ती त्यानंच लिहिली नाही. आपल्याकडे मोटार सोडून रेल्वेत बसणारे थोडे. येतात ते मोटरसायकलवाले, ती किलोमीटरला ५० ग्रॅमच्या आसपास सोडते. म्हणजे हजार मोटारींच्या जागी तीन हजार फटफट्या हव्यात. आणि सगळे एसटीतूनच उतरून आले, तर देणं फार सावकाश फिटेल.

‘वीज कोळशाचीच.’ बहुतांशी बरोबर. युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड, दीपनगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या आपल्याला घरातूनच दिसतात. पण तेवढी वीज मेमूतल्या (विजेवरच्या लोकलमधल्या) शेकडो माणसांत वाटली जाते, आणि नव्या मेमू ब्रेक लावताना काही वीज तारेत परत टाकतात. दर काही किलोमीटरला थांबणाऱ्या गाडीला ते चांगलंच कामाला येतं. शिवाय उद्या वीज सौरऊर्जेची झाली तर रूळ तेच राहतील. डिझेलचं तसं होत नाही.

‘त्यापेक्षा एसटी.’ एसटी काय हवेतून धावते? तरसोद-चिखली महामार्गाच्या चौपदरीकरणाच्या खडी-डांबर-सिमेंटचा कार्बन या ग्रुपवर कोणी मोजल्याचं मला तरी आठवत नाही.

मोजणी करायचीच असेल तर सकाळी सात वाजता फलाटावर उभं राहून पासवाल्यांना विचारावं : गाडी नसती तर कशानं गेला असता, भाऊ?