"जुन्या डेलकोवर चाललं असतं" या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. गाडी सांगितलेल्या तारखेला मिळाली नाही, मधे आमचा फोनही उचलला जात नव्हता, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. गणपतीत निम्मी पोरं गावी गेली होती, पण ती आमची अडचण, तुम्हाला त्याचं काय.

मात्र पुढं तुम्ही लिहिलंय, "टर्बोच्या नावाखाली इग्निशनचं सामान माथी मारलं, 28,000 जादा घेतले, जुन्या डेलकोवर गाडी आरामात चालली असती, आणि एवढं करून चौथ्या गिअरला मिसिंग आहेच." (बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी: डेलको म्हणजे एकेका प्लगला वेळेवर ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर, मिसिंग म्हणजे मधेच ठिणगी चुकून गाडी खोकणं.) उद्यमनगरात वडिलांच्या काळापासून आमचं शटर आहे. नको ते सामान बसवून पैसे काढले असं आमच्याबद्दल आजवर कुणी लिहिलेलं नाही. हे वाचून उद्याचं गिऱ्हाईक फोनच करणार नाही, म्हणून लांबलं तरी सगळं लिहितो.

तुमची गाडी प्रीमियरची 118एनई. अंग फियाटचं, आत निसानचं ए12 इंजिन, 1171 सीसी. त्याला एक कॉइल (ठिणगीचं व्होल्टेज तयार करणारी), सीबी पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे) आणि व्हॅक्यूमचा डेलको, हे सगळं आपली हवा आपण ओढणाऱ्या इंजिनासाठी. तिथं ते उत्तम चालतं, आम्ही कुणाचं काढायला सांगत नाही. टर्बो लावला की सिलिंडरमध्ये हवा दाबून भरली जाते. दाब वाढला की प्लगच्या गॅपमधून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं. तेवढं मिळालं नाही की करंट डेलकोच्या टोपीतून नाहीतर वायरमधून पळवाट शोधतो आणि ऐन बूस्टमध्ये, म्हणजे टर्बोचा दाब चढलेला असताना, गाडी खोकते.

आता जुन्या कॉइलचा हिशेब बघा. 6000 आरपीएमला चार सिलिंडर मिळून सेकंदाला 200 ठिणग्या लागतात, म्हणजे एका ठिणगीमागे 5 मिलिसेकंद. त्यातला पॉइंट बंद असतो तेवढाच वेळ कॉइल भरणार, तो साधारण 3 मिलिसेकंद. त्यात पॉइंट उड्या मारायला लागले तर आणखी कमी. आम्ही बसवलेल्या वेस्टेड स्पार्कमध्ये दोन कॉइल आहेत, दोन सिलिंडरला मिळून एक, प्रत्येक कॉइल क्रँकच्या एका फेऱ्याला एकदाच उडते, म्हणून तिला 10 मिलिसेकंद मिळतात. मनात आणलं तर हे गणित कुणालाही कागदावर करता येईल.

पण ठिणगीपेक्षा मोठी गोष्ट टायमिंगची, म्हणजे ठिणगी नेमकी कधी उडते त्याची, आणि रिव्ह्यूत त्याचा एक शब्द नाही. डेलकोतली वजनं फक्त आरपीएम ओळखतात. बूस्ट आला हे त्यांना कळत नाही, ती ॲडव्हान्स वाढवतच राहतात, म्हणजे ठिणगी आणखी लवकर. व्हॅक्यूमचा डबा तर ओढ मोजायला केलेला, त्याला उलटा दाब कळत नाही. बूस्टमध्ये टायमिंग मागं घ्यावंच लागतं, अंदाजे बूस्टच्या दर पीएसआयला (दाबाचं माप) एक अंश धरून सुरुवात करतात. नाही घेतलं तर नॉकिंग, म्हणजे आत मिश्रण अवेळी भडकून ठकठक, आणि नॉकिंग ऐकू येईपर्यंत पिस्टनचं काम झालेलं असतं. काहीजण डेलको फिरवून सगळंच टायमिंग कायमचं मागं करून देतात. मग गाडी खाली मेल्यासारखी चालते आणि सायलेन्सर तापतो. स्वस्त पडतं, कबूल.

तुम्हाला तीन रस्ते सांगितले होते. पहिला, पॉइंट काढून त्यांच्या जागी पिकअप (सेन्सर) बसवायचा, डेलको तोच. कटकट कमी, पण बूस्टला टायमिंग मागं घेणारं त्यात काही नाही. दुसरा, एमएसडी कंपनीचा 6-बीटीएम डबा. तो सीडीआय आहे, म्हणजे कपॅसिटर भरून एकदम सोडणारा, डेलको ठेवता येतो, आणि दर पीएसआयला 1 ते 3 अंश मागं घ्यायचं बटण ड्रायव्हरच्या हाताशी येतं. मस्त वस्तू आहे. पण बाहेरून मागवावा लागतो, कस्टम भरावं लागतं, आणि सीडीआयची ठिणगी जोरदार असली तरी क्षणभराची असते. अनेक ठिणग्या मारायचं त्याचं काम 3000 आरपीएमच्या खालीच चालतं, वर एकच. तुम्हाला कार्ब्युरेटर ठेवायचा होता, त्याचं मिश्रण कधी जाड कधी पातळ, तिथं जरा जास्त वेळ टिकणारी ठिणगी बरी, असं माझं मत. शिवाय जुन्या डेलकोचं बुश झिजलेलं होतं, शाफ्ट हातानं हलत होता, ते तुम्हीही पाहिलंत. त्यावर कितीही महागाचा डबा लावा, टायमिंग थरथरणारच.

तिसरा रस्ता म्हणजे क्रँक पुलीवर 36 उणे 1 दातांचं चाक (36 पैकी एक दात गाळलेला), सेन्सर, दोन कॉइल आणि मॅप सेन्सरवर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) चालणारा ईसीयू, म्हणजे टायमिंग ठरवणारा छोटा कॉम्प्युटर. किंमत व्हॉट्सॲपवर लिहून पाठवली होती. तुम्ही अंगठा पाठवलात. तो मेसेज अजून आहे, इथं टाकणार नाही.

कॉइल पॅक ऑनलाइन 6,000 ला मिळतो हेही तुम्ही लिहिलंत. मिळतो. पण चाक, ब्रॅकेट, वायरिंग त्याच्याबरोबर येत नाही. चाक पुलीवर ट्रू, म्हणजे न डगमगता फिरणारं, होईपर्यंत मोजायचा डायल लावून बसावं लागतं, आणि ईसीयू 10 अंश म्हणतो तेव्हा टायमिंग लाइटखाली खूण खरंच 10 वर आहे का ते तपासावं लागतं. वेळ तिथं गेला.

राहिला मिसिंगचा विषय. आम्ही एनजीकेचे 7 नंबरचे प्लग 0.65 मिमी गॅप ठेवून बसवले होते. एनजीकेत नंबर जेवढा मोठा तेवढा प्लग थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारा), आणि टर्बोला थंड प्लग लागतो. गाडी परत आली तेव्हा आत 5 नंबरचे प्लग होते, गॅप 1.1. ते आमच्याकडचे नव्हेत. पुण्यात कुणी बदलले ते मी विचारलं नाही, आताही विचारत नाही. पण बूस्ट 5 पीएसआयवर सेट करून दिला होता, तो 8 दाखवत होता. ही दोन कामं दुसरीकडं करून मिसिंगचा दोष आमच्या नावावर टाकणं मनाला लागलं.

असो. यापुढं कोटेशनमध्ये इग्निशनची ओळ वेगळी लिहू, प्लगचा नंबर आणि गॅप बॉनेटच्या आत चिकटवू, फोनसाठीही कुणीतरी बघतोय. तुमच्या गाडीचे प्लग आणि बूस्ट पुन्हा सेट करून देतो, मजुरी घेणार नाही. फक्त येण्याआधी एक फोन करा आणि आमचे ते जुने प्लग फेकले नसतील तर घेऊन या, चांगले होते.